दार काढा

४ सप्टेंबर, सोमवार

मोठे काम मिळाले. स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने पत्र्याचा उंच पडदा उभा केला आहे, तो पुढच्या अंगाने रंगवायचा. पुढच्या महिन्यात जगभरचे खेळाडू आपल्या शहरात येणार. मॅरेथॉनही याच रस्त्यावरून धावणार. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात माझी हयात गेली. एवढा मोठा फळा आजवर कुणी माझ्यापुढे धरला नव्हता.

मुकादमाने आधीच बजावले, "भिंत म्हणायचं नाही हं. पडदा म्हणायचं. भिंतीला परवानगी लागते, पडद्याला लागत नाही. स्पर्धा संपली की निघणार." म्हणून मीही पडदाच लिहितो.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते आहे. पडद्यामागे ताईची वस्ती येते. तिच्या गल्लीचे तोंड याच रस्त्यावर उघडत होते, ते आता पत्र्याने बंद झाले. मागे नाल्याच्या कडेने पायवाट आहे. त्या वाटेने माणूस बाहेर पडतो, पण वळसा फार मोठा आणि वाटेत गाडी शिरत नाही. मुकादमाला सांगितले. तो म्हणाला, "महिन्याचा तर प्रश्न आहे."

घरी हिला सांगितले, तर ही म्हणाली, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं. सरकारी दवाखान्याचं छत गळतंय ते गळतंय, आणि यांना जगाच्या शर्यती हव्यात."

मी म्हणालो, पाहुणे यायचे असले की आपणही घर आवरतोच ना. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला पटलेले नसते.

देवाचे नाव घेऊन ब्रश धुऊन ठेवले. उद्यापासून सुरुवात.

९ सप्टेंबर, शनिवार

नाल्याकडून चालत ताईकडे गेलो. भाऊजी दारातच खुर्ची टाकून बसले होते. मला लांबून पाहिल्याबरोबर त्यांचे सुरू झाले. "मेहुणेबुवा गल्लीत दाखल झालेले आहेत... हातात केळी दिसताहेत... चाल मंद आहे, पण निर्धार पक्का..." मग खोकला, मग छातीवर हात, मग श्वासाच्या औषधाचा पंप.

वस्तीत त्यांना सगळे 'कॉमेंटरी' म्हणतात. ओतकामाच्या कारखान्यात भट्टीसमोर उभे राहून छातीचा भाता निकामी झाला, पण तोंडाचा शाबूत राहिला. कुणाचे भांडण असो, कुत्र्यामागे कुत्रे लागलेले असो, भाऊजी त्याचे धावते वर्णन करणार.

ताई माझ्यावर चिडलेली होती. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात, हे मी तिलाही ऐकवले. ती म्हणाली, "घर आवरतात रे. घरातल्या माणसांना आवरून ठेवत नाहीत."

भाऊजींनी मात्र माझी बाजू घेतली. "अगं, जन्मभर मी टीव्हीपुढे वाकून जग पाहिलं. आता जग माझ्या दारावरून पळणार. होऊ दे खर्च."

"दिसणार आहे का तुम्हाला? मध्ये पत्रा आहे."

"पावलांचा आवाज तर येईल. बाकीचं मी बोलून घेईन."

हसलो आम्ही. पण नंतर ताई मला चुलीपाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "रात्रीबेरात्री यांचा श्वास अडकला तर मी कुठून नेऊ यांना? परवा एक इंजिनिअर आला होता, पोरसवदा आहे, पण सगळं ऐकून घेतलं त्याने. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं, म्हणाला, बघतो."

बघतो म्हणाला म्हणजे बघेल. मी तिला तेवढेच सांगितले. माणसाच्या शब्दावर थोडा तरी विश्वास ठेवावा.

१३ सप्टेंबर, बुधवार

काम झपाट्याने चालले आहे. मुकादम फोनवर साहेबांचे निरोप वाचतो आणि मला सांगतो. झाडे काढा. पक्षी काढा. घरांना खिडक्या काढा, खिडक्यांत कुंड्या काढा. हसरी मुले काढा. मी काढत जातो. मागे खऱ्या घरांना जेवढ्या खिडक्या नाहीत तेवढ्या मी पुढे काढल्या, हे मनात येते. पण चित्र म्हणजे चित्र.

दुपारी निरोप आला. मुकादमाने वाचला, "मधल्या खांबाजवळ, गल्लीच्या तोंडाशी, दार काढा. तातडीने."

"दार?" मी विचारले.

"दार. खिडक्या झाल्या, आता साहेबांना दार हवंय. काढ बाबा."

मधला खांब म्हणजे बरोबर ताईच्या गल्लीचे तोंड. मला भरूनच आले. एवढ्या लांब पडद्यावर साहेबांनी नेमकी तीच जागा का निवडावी? ही देवाचीच योजना, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. ताईच्या घराचे दार निळे आहे, मीच एका दुकानाच्या पाटीचा उरलेला रंग त्याला दिला होता. तेच दार इथे काढायचे. निदान बाहेरून तरी कळेल की इथे माझी बहीण राहते.

१७ सप्टेंबर, रविवार

दार पूर्ण झाले. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाला चांगले म्हणू नये, पण आज म्हणतो. उंबरा, चौकट, कडी, फळ्यांच्या फटी, बिजागरीखालचा गंजाचा ओघळ. पल्ला किंचित किलकिला ठेवला, आत्ताच कुणी आत गेल्यासारखा. संध्याकाळच्या उन्हात खऱ्या खांबाची सावली आणि मी काढलेल्या चौकटीची सावली एकीत एक मिसळली. एक म्हातारा गृहस्थ पुढे आला आणि त्याने चक्क पल्ल्याला हात लावला. मग माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

मुकादमाने फोटो काढून साहेबांना पाठवला. सोबत लिहिले, 'दार काढले.' लगेच उत्तर आले. 'छान. उत्तम काम.'

साहेबांनी आजवर कुठल्या झाडाला की पक्ष्याला छान म्हटले नव्हते. मुकादम म्हणाला, "तुझं नशीब उघडलं." मी घरी येताना हिच्यासाठी साबण आणि मिठाई आणली. मिठाई पाहून ही म्हणाली, "काय, जिंकलात की काय शर्यत?"

देवापुढे दिवा लावून बराच वेळ बसलो. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, रोज चार ओळी लिही, अक्षर सुधारेल. अक्षराने पोट भरले. आज वाटते, हातानेही काही तरी केले.

२६ सप्टेंबर, मंगळवार

निळे दार प्रसिद्ध झाले! लोक त्याला टेकून फोटो काढतात. एक तरुण जोडपे तर कडी वाजवल्याचे नाटक करत होते. वर्तमानपत्रात फोटो आला, माझे नाव नाही, पण दार आहे.

वस्तीतल्या लोकांचा पत्ताही तोच होऊन बसला. रिक्षावाल्याला सांगायचे, निळ्या दारापाशी थांब. सिलिंडरवाला निळ्या दारापाशी शिट्टी मारतो, मग आतून कुणी तरी नाल्याकडून वळसा घालून जातो आणि टाकी खांद्यावर घेऊन येतो. बोलताना वाटते की दार आहेच.

भाऊजींना मी विचारले, इंजिनिअर पुन्हा आला का? ते म्हणाले, "बघतो म्हणाला होता, बघून गेला. शब्दाचा पक्का माणूस."

ताईला हसू आले नाही. मला हाताला धरून तिने पडद्याच्या आतल्या बाजूला नेले. तिथे उघडा पत्रा, उन्हाने तापलेला, बोल्टांची टोके बाहेर आलेली. "तुझं दार कुठे आहे दाखव," म्हणाली. मला सापडेना. खांबावरून अंदाज बांधला आणि बोट दाखवले. तिने तिथे पत्र्यावर बोटे वाजवली आणि घरात निघून गेली.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. पण मी रंगारी, मी काय करणार? स्पर्धा संपेपर्यंत सगळे सुखरूप पार पडू दे, एवढेच मागितले.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्घाटन झाले. आम्ही टीव्हीवर पाहिले. एकेका देशाची माणसे हात हलवत चालली होती, काही देश इतके लहान की त्यांची दोनच माणसे, पण चेहऱ्यावर केवढा आनंद! माझ्या डोळ्यांना पाणी आले. हिने पाहिले आणि पदर पुढे केला. तिचेही डोळे ओले होते. "खोटं कशाला बोलू," म्हणाली, "छान दिसतंय आपलं गाव. मला तर ओळखूच येत नाही."

भाऊजींचा फोन आला. सबंध सोहळ्याचे वर्णन त्यांनी मला पुन्हा ऐकवले, मी स्वतः पाहत असताना. मध्ये मध्ये पंप ओढल्याचा आवाज येत होता.

आज कुणी विचारले असते की एवढा खर्च करावा का, तर मी हो म्हणालो असतो.

१५ ऑक्टोबर, रविवार

भाऊजी गेले.

लिहवत नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार

जसे घडले तसे लिहितो. नाहीतर माझ्याच मनात त्याचे दुसरे काही होऊन बसेल.

काल मॅरेथॉन. कुठे ओरखडे निघाले तर ताबडतोब झाकायचे, म्हणून मला रंगाचा डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभे केले होते. पलीकडच्या बाजूला माणसांची दाटी, कर्ण्यावर धावते वर्णन चालू. पहिले खेळाडू येऊन गेले. काय त्यांचे पाय! जमिनीला लागतात की नाही कळू नये. मनात आले, भाऊजी आत बसून हा आवाज ऐकत असतील.

मग सायरन ऐकू आला. पोलिसांनी कडेने वाट करून दिली आणि अॅम्ब्युलन्स थेट माझ्या निळ्या दारासमोर येऊन थांबली. दुसरीकडे कुठे नाही. तिथेच.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते लिहिलेच पाहिजे. मला अभिमान वाटला. अॅम्ब्युलन्सवाल्यालाही हे खरे वाटले!

गाडीतून एक सिस्टर उतरली. स्पर्धेसाठी दुसऱ्या शहरातून आणलेली, तिला इथले काही ठाऊक नाही. पाठीवर ऑक्सिजनची पिशवी. ती धावत दारापाशी आली आणि तिने कडीला हात घातला. हात रंगावरून घसरला. तिने पुन्हा घातला. मग तिने खांद्याने पल्ला ढकलला, कारण तो किलकिला दिसत होता. पत्रा वाजला.

"उघडत का नाही हे?" ती ओरडली. "आतून बंद आहे का?"

मी म्हणालो, "बाई, ते चित्र आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तसे माझ्याकडे आजवर कुणी पाहिले नव्हते.

आणि तेवढ्यात आतून पत्रा वाजू लागला. दोन्ही हातांनी कुणी तरी बडवत होते. "आलात ना? मी आवाज ऐकला! इथेच आहोत आम्ही, इथेच! लवकर या हो, यांना श्वास घेता येत नाही!" ताईचा आवाज. तोपर्यंत मला ठाऊक नव्हते की गाडी कुणासाठी आली आहे.

फोनवर तिला विचारले होते, जवळची खूण सांगा. तिने सगळ्यांना सांगायची तीच सांगितली. निळे दार. नाल्याकडून वळून या, असेही ती सांगणार होती, म्हणते, पण समोरून "समजलं, निघालो" म्हणून फोन ठेवला गेला. दार म्हटल्यावर आणखी काय विचारायचे?

बाहेरून सिस्टर बडवत होती, आतून ताई. मी दोघींच्या मध्ये, हातात रंगाचा डबा. पोलीस म्हणाला, नाल्याकडे जायचे तर पलीकडच्या टोकाला जावे लागेल, पण धावणाऱ्यांची मोठी तुकडी येते आहे, रस्ता मोकळा होईपर्यंत थांबा. पलीकडचे लोक टाळ्या वाजवत होते. खेळाडूंसाठी वाजवत असतील. काहींनी फोन मात्र आमच्याकडे वळवले होते. त्यांना वाटले असावे की हाही कार्यक्रमाचाच भाग.

शेवटी सिस्टर गाडीच्या बोनेटवर चढली, तिथून टपावर, आणि टपावरून भिंतीवर. मीही चढलो. पत्र्याच्या कडेने तळवे कापले. मागून पोलीस ओरडत होता. पलीकडे उडी टाकली तेव्हा ताई तिथेच होती, पत्र्याला हात टेकून.

भाऊजी खुर्चीतच होते. त्यांच्या स्वतःच्या निळ्या दाराला डोके टेकलेले. पंप मुठीत. सिस्टरने त्यांना जमिनीवर निजवले आणि करता येईल ते सगळे केले. बराच वेळ. ताई त्यांच्या कानाशी सांगत होती, "आली बघा अॅम्ब्युलन्स. आली. ऐकलंत ना?" कर्ण्यावरून आवाज येतच होता, कोण पुढे, कोण मागे.

मग सिस्टर थांबली. तिने घड्याळाकडे पाहिले नाही, ताईकडेही नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, "कुणी काढलं हो ते?"

२० ऑक्टोबर, शुक्रवार

स्पर्धेच्या आयोजन समितीचे निवेदन वर्तमानपत्रात आले. दुःख व्यक्त केले आहे. पुढे असे की वस्तीला येण्याजाण्याचा मार्ग उपलब्ध होता, मात्र रुग्णाच्या नातेवाइकांकडून चुकीची खूण दिली गेल्याने विलंब झाला.

ताईला वाचता येते, हे आज पहिल्यांदा वाईट वाटले. तिने ते पुन्हा पुन्हा वाचले. "माझ्याच तोंडून गेलं," म्हणते. "निळं दार, निळं दार. माझी जीभ का नाही झडली?" ती जेवत नाही. ही तिच्यापाशी जाऊन राहिली आहे.

भेटायला आलेल्यांपैकी एक दुकानदार, माझ्या पाट्यांचे जुने गिऱ्हाईक, समजूत घालण्याच्या सुरात म्हणाला, "झालं ते वाईट झालं. पण एवढा मोठा सोहळा म्हटला की थोडंफार व्हायचंच. शहराचं नाव किती झालं बघा."

ही आतून म्हणाली, "तुमच्या घरातलं कोण देता थोडंफार?" तो चहा अर्धा टाकून गेला.

चांगला माणूस आहे तो. महिन्यापूर्वी मीच असे बोललो असतो.

देवापुढे बसतो. हात जोडले जातात, शब्द येत नाहीत. मला त्याच्यावर राग नाही. मी त्याची योजना म्हणून कशाला हात लावला, एवढेच डोक्यातून जात नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

चौकशी होती. वस्तीच्या लोकांनी अर्ज केला म्हणून ठेवली. एक साधी खोली, लांब टेबल, मधोमध चौकशी करणाऱ्या बाई, कडेला टंकलेखक. एका बाजूला इंजिनिअर आणि मुकादम, दुसऱ्या बाजूला ताई आणि मी. इंजिनिअरला मी प्रथमच पाहिले. खरेच पोरसवदा. डोळ्यांखाली काळी वर्तुळे.

मी रात्री ठरवून आलो होतो की चूक ताईची नाही, चित्र मी काढले, एवढेच ठासून सांगायचे. ती त्या एका शब्दापायी झुरते आहे. तिच्यावरचा तो डाग आज पुसला नाही तर ती भाऊजींच्या मागोमाग जाईल, ही भीती मला आणि हिला दोघांनाही आहे.

बाईंनी ताईला विचारले, "तुम्ही दार असल्याचं का सांगितलंत? तिथे दार नव्हतं ना?"

ताईने पदर सावरला. तेवढ्यात इंजिनिअरच म्हणाला, "नाही मॅडम, दार होतं."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

"होतं. निवेदन कुणी लिहिलं मला माहीत नाही, मला विचारलंही नाही. मी स्वतः वस्तीत जाऊन आलो होतो. या ताई भेटल्या होत्या मला. घरात श्वासाचा पेशंट आहे म्हणाल्या. मी परत आलो आणि मुकादमांना निरोप पाठवला, मधल्या खांबाजवळ, गल्लीच्या तोंडाशी, दार काढा, तातडीने. चारच दिवसांत यांचं उत्तर आलं, दार काढले. सोबत फोटो होता. निळं दार, पल्ला उघडा. मी शाबासकीही दिली." तो ताईकडे वळला. "मला आजवर कळलेलं नाही की ते दार त्या दिवशी का उघडलं नाही. कुणी कुलूप लावलं?"

मुकादमाने खिशातला फोन चाचपला. तो माझ्याकडे बघू लागला.

बाई म्हणाल्या, "मुकादम, दार कुठे गेलं?"

"बाई... ते यांनी काढलं."

"यांनी? रंगाऱ्यांनी काढलं? बसवलेलं दार काढून टाकलं? कुणाच्या सांगण्यावरून?"

"काढून टाकलं नाही बाई," मी म्हणालो. "काढलं."

"म्हणजे काय?"

मी हात वर केला आणि हवेत ब्रश फिरवावा तशी एक चौकट ओढली.

टंकलेखकाची बोटे थांबली. खिडकीबाहेर कुणी तरी गाडी मागे घेत होते, तिचा आवाज येत राहिला. इंजिनिअर खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला. "मी भिंतीला दार काढायला सांगितलं होतं," तो म्हणाला, जणू स्वतःशीच. "दार काढायला. पत्रा कापून."

"खिडक्या काढा म्हणालात, पक्षी काढा म्हणालात..." मुकादम पुटपुटला. "सगळं त्याच फोनवर यायचं, साहेब."

मी तिथे बसलो होतो. मला माझे बोलायचे होते ते आठवेना. मी काढलेले ते दार इतके चांगले झाले नसते, थोडा जरी हात चुकला असता, एखादी सावली वाकडी पडली असती, तर फोटोत त्याला कळले असते.

टंकलेखकाने हळूच विचारले, "मॅडम, काय लिहू?"

बाई काही बोलायच्या आत ताई उभी राहिली. तिने इंजिनिअरकडे पाहिले. रागाने नव्हे. दुकानात एखाद्या वस्तूची चौकशी करावी तशा आवाजात तिने विचारले, "म्हणजे आम्हाला दार मिळणार होतं?"

ज्याने उत्तर द्यायचे तो दोन्ही हातांत तोंड धरून बसला होता.

"आणि मी खोटं नव्हते बोलले?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही खोटं बोलला नाहीत. तसं मी लिहीन."

ताईने मान हलवली. बाहेर जिन्यापाशी आल्यावर मात्र तिने कठडा धरला. मी तिला धरून पायरीवर बसवले. वाटले, आता रडेल, मोकळी होईल. ती रडली नाही. म्हणाली, "याच्यापेक्षा माझीच चूक असती तर बरं झालं असतं रे. कुणाची तरी असती."

१४ नोव्हेंबर, मंगळवार

स्पर्धा संपून इतके दिवस झाले तरी पडदा निघालेला नाही. निविदा निघायची आहे म्हणे. मात्र चौकशीच्या बाईंनी दाराचा आदेश काढला. आदेशात त्यांनी 'काढा' हा शब्द वापरला नाही. 'पत्रा कापून माणूस, खाट व चाकाची गाडी जाईल एवढी मोकळी वाट करावी' असे चांगले लांबलचक लिहिले आहे. मुकादमाने ते मला वाचून दाखवले आणि वर विचारले, "यात दुसरं काही निघत नाही ना?" तो आता साधा चहा सांगतानाही अडखळतो.

लोक मला विचारतात, सरतेशेवटी ही स्पर्धा भरवली ते बरे झाले का? रस्ता चांगला झाला, खोटे का बोलू. दिवे लागले. बस वेळेवर येते. पाहुणे हसत गेले. हे सगळे खरे आहे. विचारणाऱ्याला माझ्याकडून हो किंवा नाही हवे असते, आणि मला दर वेळी दिसते ती सिस्टरची बोटे, कडीवरून घसरणारी. मी दुसरेच काही बोलून विषय बदलतो.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज वेल्डर आला. वस्तीतले सगळे आतून जमले होते. इंजिनिअरही आला होता, एका कडेला एकटाच उभा होता. त्याला कुणी बोलले नाही, हाकललेही नाही. हिने त्याला पाणी नेऊन दिले.

वेल्डरने खिशातून खडू काढला आणि परत ठेवला. मला म्हणाला, "तुमची रेघ सरळ आहे मास्तर. वेगळ्या खुणा करायला नकोत." आणि मी रंगवलेल्या चौकटीवरूनच त्याने पत्रा कापत नेला. निळा तुकडा सुटून आत पडला. केवढा आवाज झाला. मग उजेड आला. पलीकडे रस्ता, रिकामा, स्वच्छ.

"पल्ला कोणत्या बाजूला उघडणारा बसवू?" वेल्डरने विचारले.

सगळे ताईकडे पाहू लागले.

"पल्ला नको," ताई म्हणाली.

तासाभरात रहदारी सुरू झाली. सायकली, पाण्याचे हंडे, एक म्हातारी काठी टेकत. सिलिंडरवाला टाकी घेऊन थेट गल्लीत शिरला आणि उगाचच दोनदा आतबाहेर करून आला. मीही गेलो. कडेला हात लागला तेव्हा पत्रा अजून गरम होता.

संध्याकाळी ताईला औषधाच्या दुकानात जायचे होते. मी म्हणालो, चल, सोडतो. तिने पिशवी घेतली, दाराला कडी घातली, गल्लीत आली. समोर ती मोकळी वाट होती, हाकेच्या अंतरावर. ताई तिच्याकडे पाठ करून नाल्याच्या बाजूला वळली.

"ताई, इकडून," मी म्हणालो.

"तू जा तिकडून. मी येते."

मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. दिवे लागले. बरीच वाट पाहिल्यावर ती पलीकडच्या टोकाने येताना दिसली, चिखलातून पाय उचलत, पिशवी छातीशी धरून.